भोक बुजवण्याआधी

मामाओ झोसिमे, गवंड्याला जरा थांबवा.
त्याचा चुना तसाही अजून कालवून झालेला नाही.
मागच्या भिंतीतलं हे चौकोनी भोक
तुम्हाला देवळाची जखम वाटतं.
मी त्याला डोळा लावून बावीस वर्षं उभी होते.

तेव्हा इथे घंटा नव्हती, तिकिटाची खिडकी होती.
वेदीच्या जागी पडदा. पडदा कसला,
संतांच्या भिंतीवर चुन्याचे तीन हात;
कापड मंजूर होतं, तिबिलिसीहून शेवटपर्यंत आलं नाही.
बर्फाचं दृश्य लागलं की चुन्याआडून
एक हात वर यायचा, दोन बोटं उचललेली.
पोरं ओरडायची, "त्सियाला मावशी, म्हातारा आला!"
आणि मी दिवा मंद करायचे.
त्याला लपवत होते की जपत होते,
मला अजून सांगता येत नाही.

यंत्राने एक गोष्ट शिकवली:
सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात
आणि दर दोन चित्रांमधे पातं आडवं येतं.
म्हणजे दीड तासाच्या खेळात
लोक बराच वेळ काळोखाकडे बघत बसतात
आणि घरी जाऊन सांगतात, सगळं पाहिलं.
तुमच्या श्रद्धेचं असंच असेल.
जिल्हा समितीचंही असंच होतं,
फक्त ती म्हणायची, मधे काळोख नसतोच.

एका रात्री खेळ सुटल्यावर तिघे आले.
डब्यावर चिठ्ठी नव्हती.
खाणीचं फाटक, थिजलेली माणसं, तोंडातून वाफ.
"इथे थांबव. उजवीकडून तिसरा, तो कोण?"
अंबाको होता. लहानपणी माझ्या जिन्यावर बसून
फुकट सिनेमे बघायचा, रडण्याच्या जागी हसायचा.

चित्र थांबवलं की दिवा त्याला खातो, मामाओ.
चार सेकंद. मग मधोमध तपकिरी फोड येतो.
त्यासाठीच लोखंडी झडप असते, ती पाडायची.
मी मोजलं. एक, दोन, तीन.
हात झडपेवरच होता.
चौथ्याला अंबाकोचं तोंड उकळलं आणि गेलं.
"जुनं यंत्र आहे साहेब," मी म्हटलं.

पण कोट राहिला होता, मेंढीच्या कॉलरचा.
तसा कोट गावात दोघांकडे होता.
पार्मेन त्या दिवशी फाटकापाशी नव्हताच,
आईच्या दाढेसाठी लवंगेचं तेल शोधत बाजारात फिरत होता.
पहाटे त्याला घेऊन गेले.
कोट मला दिसत नव्हता असं नाही.
मी चेहऱ्याचाच विचार केला.

अंबाको आता संसदेत असतो. परवा टीव्हीवर
टेबल बडवत होता: त्या राजवटीचा पगार
कुणी कुणी खाल्ला, नावानिशी यादी हवी.
बरोबरच बोलत होता. मीही मान हलवली.
पगारपत्रकावर सही माझी आहे,
दर महिन्याच्या पाच तारखेची.
त्याला मी काही कळवलेलं नाही. कळवणारही नाही.
वाचवल्याची पावती फाडायची नसते,
असं माझी आई म्हणायची; तिने कुणाला वाचवलं, देव जाणे.

तुम्ही चुना खरवडलात, तेव्हा त्याबरोबर
संताचा चेहराही सुटून आला.
हात तेवढा राहिला, दोन बोटं.
तुम्ही रडलात. मी कोपऱ्यात उभी होते.

काल म्हणालात, पश्चात्ताप कर, मेणबत्ती लाव;
जित्यांची संताच्या चित्रापुढे,
मेलेल्यांची त्या कोपऱ्यातल्या वाळूत.
पार्मेन परत आला नाही,
पण तो गेल्याचा कागदही कुणी दिला नाही.
त्याची आई दार लावून न घेता मेली.
मग ही कुठे लावू?

तुम्ही बघा तुमच्या पुस्तकात.
गवंड्याला म्हणावं, मालत राहा चुना.
तोवर मी ही हातातच धरते.
मेण उतरतंय बोटांवर.
एक. दोन.
तीन.